गोगलगायीच्या पाठीवरचं गाव

गोगलगाय अन् पोटात पाय, असं आपण वरून गरीब दिसणाऱ्या माणसाला म्हणतो. इटलीतल्या चार छोट्या शहरांनी १९९९ मध्ये ‘चित्तास्लो’ म्हणजे ‘संथ शहर’ ही चळवळ सुरू केली. तिचं बोधचिन्ह म्हणजे पाठीवर गाव घेऊन निघालेली नारिंगी गोगलगाय. पाय हिच्याही पोटात आहेत, फक्त ते चटकन दिसत नाहीत.

कल्पना ग्रेवे इन कियांतीचे तेव्हाचे महापौर पाओलो सातुर्निनी यांची. साथीला ओर्विएतो, ब्रा आणि पोझितानो. पूर्ण सदस्यत्व ५० हजार वस्तीच्या आतल्या गावांनाच मिळतं, तेही ऊर्जा, पाणी, कचरा, रस्ते, स्थानिक शेतमाल अशा निकषांवर उतरल्यावर. संथ म्हणजे आळशी, हा समज इथेच गळून पडतो.

वेगाचंच बघा. ताशी ३० किलोमीटरने येणाऱ्या गाडीसमोर मूल आलं, तर चालकाला भान यायला सेकंदभर जातो आणि कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण १३ मीटरमध्ये थांबते. ताशी ५० ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे पहिली थांबली तिथे दुसरीचा ब्रेकही लागलेला नसतो! आणि या घाईत वाचतं किती? किलोमीटरमागे ४८ सेकंद.

रहदारीची किंमत शेजारालाही मोजावी लागते. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतल्या तीन रस्त्यांची तुलना केली. दिवसाला सुमारे २,००० वाहनांच्या रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र होते; १६,००० वाहनांच्या रस्त्यावर एकही धड नाही, ०.९.

ओर्विएतो खडकाच्या माथ्यावर वसलंय. तिथे गाडी पायथ्याशी ठेवून दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या रेल्वेने वर जाता येतं. ही रेल्वे १८८८ ची, तेव्हा पाण्याच्या वजनावर चालणारी.

पैशाच्या बाबतीत मात्र भरभर फिरणंच बरं, फक्त गावातल्या गावात. समजा, मिळालेल्या प्रत्येक १०० युरोंतले ६० गावातच पुन्हा खर्च होतात. मग १०० चे पुढे ६०, ३६ असं करत एकूण उलाढाल २५० वर जाते. २० च उरत असतील तर १२५ वर खेळ आटोपतो. शेतमाल जवळचा घ्या, हा आग्रह निव्वळ चवीचा नाही तो असा.

माझी शंका एकच आहे. शांत गाव म्हणून नाव झालं की पाहुणे वाढतात, त्यांच्यामागून घरभाडी चढतात, आणि जागा सोडावी लागते ती आधी भाडेकरूला, मग चौकातल्या चांभाराला.