महाबळेश्वरची पेठ आणि भोवतालचं जंगल : पार्श्वभूमी

क्षेत्र महाबळेश्वर, पंचगंगेचं देऊळ, जावळीचं खोरं, प्रतापगड हे सगळं मराठी वाचकाला पाठ असतं. पर्यटक जिथे चणे, जाम आणि चपला घेतो, ती बाजारपेठ मात्र क्षेत्रापासून वेगळी आणि बरीच अलीकडची. १८२९ मध्ये सातारच्या छत्रपतींनी डोंगरमाथ्याचा हा भाग मुंबई सरकारला दिला आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. त्या वेळच्या गव्हर्नरच्या नावावरून वस्तीला माल्कम पेठ म्हणू लागले. उन्हाळ्यात सरकारचा मुक्काम इथे हलायचा आणि पेठेची कमाई त्या हंगामावर चालायची. १८६४ पर्यंत इथे तुरुंगही होता. त्यातल्या चिनी कैद्यांनी बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड इथे रुजवली.

आजचं महाबळेश्वर समजून घ्यायचं तर केंद्र सरकारच्या २००१ च्या जानेवारीतल्या अधिसूचनेकडे यावं लागतं. तिने महाबळेश्वर-पाचगणीचा १२३.९६ चौरस किलोमीटर परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. खाणी बंद, प्रदूषण करणारे उद्योग बंद, तीव्र उतारांवर बांधकाम नाही, झाडतोडीवर निर्बंध. जांभूळ, हिरडा, अंजनीचं हे सदाहरित रान टिकायचं तर एवढं हवंच होतं. त्याआधीच्या काळात हॉटेलांनी डोंगर पोखरायला सुरुवात केलीच होती. पण नियम कागदावर सर्वांना सारखा असला तरी त्याची झळ सारखी बसली नाही. वाढत्या कुटुंबासाठी घराला एक खोली जोडायची तरी गावकऱ्याला परवानगीसाठी खेटे घालावे लागतात, आणि बड्या बांधकामांना वाट सापडते, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. ती निराधार म्हणता येत नाही. जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यालाच जंगलाचा शत्रू समजणं हे या निर्णयाच्या अंमलबजावणीतलं सर्वांत मोठं दुखणं.

२०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव फक्त इथल्याच मालाला लावता येईल अशी नोंद झाली. शेतकऱ्याच्या कष्टाची निदान तेवढी तरी दखल घेतली गेली. माथेरानलाही २००३ मध्ये संवेदनशील क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण तिथे मोटारी गावाबाहेर दस्तुरीलाच थांबतात. महाबळेश्वरात त्या थेट पेठेच्या तोंडाशी येतात, आणि सुट्ट्यांत वेण्णा तलावापासूनच रांग लागते.