तुमचा फोटो दुसऱ्याच्या पेजवर दिसला? फोन लावायच्या आधी हे वाचा

नमस्कार मंडळी, जोतिबाची चैत्र यात्रा झाली, अंबाबाईचा किरणोत्सव झाला किंवा पंचगंगेनं पात्र सोडलं की फोटोचोरीच्या केस हाताळणाऱ्या आमच्या ऑफिसचा फोन वाजायला लागतो, "माझा फोटो अमक्या पेजनं उचललाय, नाव पण टाकलं नाही, काय करूया?" म्हणून हे पत्रक काढलंय, ऑफिसला यायच्या आधी वाचलं तर तुमचा पण हेलपाटा वाचेल.

पहिली गोष्ट, समोरच्याला लगेच फोन करू नका आणि कमेंटमध्ये जाऊन शिव्या तर अजिबात नकोत, कारण तो पोस्ट डिलीट करून मोकळा होतो आणि मग तुमच्या हातात काय राहतंय? आधी स्क्रीनशॉट काढा, नुसता फोटोचा नको, वरची लिंक आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. वेबसाइट असेल तर वेबॅक मशीन या वेब पानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या साइटवर ते पान सेव्ह करा, फुकट आहे आणि तारीख आपोआप पडते. कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ खाली सर्टिफिकेट लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइलचा ठसाच म्हणा, फाइल जरा बदलली की हा आकडा बदलतो) येते, त्यामुळं स्क्रीनशॉट आम्हाला व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तिथं फाइल दाबली जाते. मेल करा नाहीतर पेनड्राइव्ह आणा.

आता शोधायचं कसं. गुगल लेन्सवर जोतिबाच्या गुलालाचा फोटो टाकला की जगातले सगळे गुलालाचे फोटो समोर येतात, त्यात आपला कुठला ते बघत बसायचं, म्हणून तिथं हुबेहूब जुळणारे दाखवणारा एक्झॅक्ट मॅचेसचा पर्याय दाबा. टिनआय ही वेबसाइट त्याच फोटोची कॉपी शोधायला चांगली, लहान केलेली, थोडी कापलेली सुद्धा सापडते. पण फेसबुक-इन्स्टावरचं बहुतेक त्यात येत नाही आणि व्हॉट्सॲप स्टेटस तर कुणालाच सापडत नाही, तसं शोधून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. आणि फोटो आरशासारखा उलटा करून पण एकदा शोधा. आमच्या एका गिऱ्हाईकानं तालमीत काढलेला पैलवानाचा फोटो प्रोटीन पावडरच्या जाहिरातीत गेला होता, उलटा करून, रंग बदलून, कोपऱ्यातलं नाव कापून. सगळी हुशारी केली पण मागच्या भिंतीवरचं 'जय बजरंगबली' उलटं दिसत होतं ते पुसायचं राहिलं 😄 तेवढं पुरेसं झालं.

आता खरी मेख. फोटो काढला म्हणजे कॉपीराइट आपलाच असं सगळे धरून चालतात, पण कॉपीराइट कायदा १९५७, कलम १७ बघा: कुणी पैसे देऊन काढून घेतलेला फोटो असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर पहिला मालक ऑर्डर देणारा. म्हणजे पन्हाळ्यावरचं प्री-वेडिंग तुम्ही शूट केलं आणि कुठल्या डेकोरेशनवाल्यानं तो फोटो त्याच्या फ्लेक्सवर लावला, तर कागद नसल्यास भांडायचा हक्क नवरा-नवरीचा, तुमचा नाही. पगारावर काम करताना काढलेला सहसा मालकाचा. म्हणून कोटेशनवर एक ओळ छापून घ्या, "फोटोंचा कॉपीराइट स्टुडिओकडे राहील, ग्राहकाला घरगुती व सोशल मीडिया वापराची परवानगी आहे", आणि खाली पार्टीची सही. ऑर्डर घेतानाच. अल्बम दिल्यावर कोण सही करतंय? मालकी नसताना नोटिसा पाठवत सुटलात तर कलम ६० खाली समोरचाच तुमच्यावर दावा टाकू शकतो.

आपल्या मर्जीनं काढलेले, रंकाळा, यात्रा, तालीम, ते तुमचेच, तुमच्या हयातीत आणि पुढं ६० वर्षं. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही. "नेटवर होता म्हणून घेतला" याला अर्थ नाही आणि "क्रेडिट दिलंय की" हे पण उत्तर नाही, परवानगी वेगळी, नाव टाकणं वेगळं. पुराच्या बातमीत वापरला तर मात्र चालू घडामोडींसाठी वाजवी वापर असा बचाव घेतात, दर वेळी टिकतोच असं नाही, पण ही केस जरा जपून घ्यावी लागते.

चोरी टाळायला वॉटरमार्क टाका पण फार भरवसा ठेवू नका, कोपऱ्यातला कापला जातो आणि मधोमध टाकला तर फोटोच बघवत नाही. त्यापेक्षा लांब बाजू १५०० पिक्सेलच्या आसपास ठेवून अपलोड करा. "७२ डीपीआय केलाय, सेफ आहे" हे खूप ऐकतो, डीपीआयनं (छापताना इंचाला किती ठिपके तो आकडा) काही होत नाही, पिक्सेल मोजा. लाइटरूमसारख्या एडिटिंग सॉफ्टवेअरमधून काढताना मेटाडेटात (फाइलच्या आत लपलेली माहिती) नाव आणि धंद्याचा मेल भरा. सोशल मीडियावर तो बऱ्याचदा गळतो, पण मुद्दाम कुणी काढून टाकला तर कलम ६५ब खाली तो वेगळा गुन्हा आहे. आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ फाइल) कधीच कुणाला देऊ नका, तोच तुमचा सातबारा.

आमच्याकडं आल्यावर आम्ही आधी साधं पत्र पाठवतो, वापराचं बिल लावून. धंदेवाला माणूस असेल तर बऱ्याचदा इथंच मिटतं. नाही मिटलं तर प्लॅटफॉर्मला लेखी तक्रार, कॉपीराइट नियम २०१३ प्रमाणं ३६ तासांत मजकूर रोखायचा असतो, पण तो २१ दिवसांपुरताच, तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाही तर परत दिसू शकतो. इन्स्टाचा फॉर्म भरताना धंद्याचाच मेल द्या, तुमचं नाव आणि मेल समोरच्याला जाऊ शकतो. दावा जिल्हा न्यायालयात, कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं म्हणून थेट तिकडं जाता येत नाही, आणि ते काम वकिलांचं, आम्ही फक्त फाइल तयार करून देतो. कुणी डीपीला ठेवला, गावच्या ग्रुपवर फिरवला असल्या केस आम्ही घेत नाही, खर्च वसूल होत नाही.

येताना रॉ फाइल (फक्त दाखवायला), लिंक, स्क्रीनशॉट आणि ऑर्डरचा फोटो असेल तर सही असलेलं कोटेशन घेऊन या. कोटेशन नसेल तर पार्टीला सोबत आणा.