माळवद

माळवद : लाकडी तुळयांवर माती अंथरून केलेले सपाट छत, तसेच अशा छताचे घर. सोलापूर जिल्हा, लगतचा मराठवाडा व उत्तर कर्नाटक हा त्याचा मुलूख. खानदेशाकडे यालाच धाबे म्हणतात.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकवाक्यता नाही. कन्नड ‘माळिगे’शी (माडी, सपाट छताचे घर) नाते उघड दिसते, पण ‘माळिगे’ मूळचा द्राविडी की संस्कृत ‘मालिका’वरून आलेला, हा प्रश्न उरतो. अखेरच्या ‘वद’चा उलगडा दोन्हींतून होत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर भागात मराठी-कन्नड एकाच गल्लीत नांदत आल्याने शब्द कन्नडमार्गे आला असावा, हेच अधिक संभवनीय. छताची प्राचीनता सांगणे त्याहून कठीण, कारण मातीचे छत मातीतच मिसळते. भीमेच्या खोऱ्यातील इनामगावची ताम्रपाषाणयुगीन घरे (इ.स.पू. सुमारे १६००–७००) कुडाची व गवती छपराची मानतात, माळवद बहुधा बरेच नंतरचे.

तुळयांवर सर (आडवी लाकडे), त्यांवर खेटून बसवलेले किलच (लाकडाचे बारीक तुकडे), मग लिंबाचा पाला, चिखल आणि वर पांढरी माती. ही माती जुन्या गावठाणाच्या पांढरीतून आणतात. ती दबून घट्ट बसते. काळी माती उन्हाने भेगाळते, म्हणून चालत नाही. उजेडाला व चुलीच्या धुराला वाट म्हणून छतात साणे ठेवतात. पावसाचा पहिला थेंब पडला की घरातले कोणीतरी वर धावते आणि साण्यावर परात पालथी घालते.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील ताओस प्वेब्लो या आदिवासी वस्तीच्या घरांतही हीच रचना आहे: जाड वासे, वर काटक्या, वर माती. दोन्हींत संबंध नाही. कमी पाऊस, कडक ऊन व हाताशी असलेली माती यांनी दोन्हीकडे एकच उत्तर दिले. उलट कोकण याच राज्यात असून तेथे उतरते कौलारू छप्परच लागते. म्हणून घरांची तुलना जातीधर्मापेक्षा पर्जन्यमानावरून करणे अधिक फलदायी ठरते.

गळती थांबवण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकण्याच्या रीतीने छत फूट-दोन फूट जाड होई. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात चिखलात रचलेल्या दगडी भिंती कोसळल्या आणि हाच भार झोपलेल्या माणसांवर आला. त्यानंतर अनेकांनी माळवद उतरवून पत्रे घातले. पत्र्याखाली सोलापुरी मे महिना काढणे मात्र फार अवघड जाते.