ऱ्होड्स: सुट्टीसाठी पुन्हा रचलेलं मध्ययुग

ऱ्होड्सच्या मांड्राकी बंदराच्या तोंडाशी दोन खांबांवर हरणांची जोडी उभी आहे. इथेच दोन्हीकडे पाय रोवून कोलोसस हा प्राचीन महाकाय पुतळा उभा होता, जहाजं त्याच्या पायांमधून जायची, अशी कहाणी पर्यटकांना हमखास ऐकवली जाते. ऐकायला झकास, पण ही कल्पना पुष्कळ नंतरची. सुमारे 33 मीटर उंचीचा तो ब्राँझचा सूर्यदेव इ.स.पू. 226 च्या आसपास भूकंपात कोसळला, आणि तो नेमका कुठे होता यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

तरी या ग्रीक बेटावर सुट्टीला येणाऱ्यांना खरी ओढ असते ती तटबंदीतल्या जुन्या गावाची. सेंट जॉनच्या नाइट्सनी, म्हणजे एका ख्रिस्ती लढवय्या पंथाने, 1309 ते 1522 इथे राज्य केलं. मग सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्याचा सुलतान सुलेमान याने शहर घेतलं आणि नाइट्स पुढे माल्टाला गेले. जवळपास चार शतकांच्या ऑटोमन अमदानीत नाइट्सच्या प्रमुखाच्या राजवाड्याचा तुरुंग झाला. 1856 मध्ये शेजारच्या चर्चमध्ये साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट झाला. त्यात चर्च गेलंच, राजवाड्याचीही पडझड झाली.

मग आज फोटोत दिसतो तो भरभक्कम राजवाडा आला कुठून? 1912 मध्ये इटलीने तुर्कांकडून बेट घेतलं. हा भाग मुळात आपल्याच लॅटिन परंपरेचा, हे त्यांना जगाला दाखवायचं होतं. म्हणून नाइट्सच्या रस्त्यावरचे तुर्की काळातले लाकडी सज्जे काढून टाकले आणि दगडी दर्शनी भाग उघडे केले. राजवाडा 1937 ते 1940 मध्ये जवळजवळ नव्याने उभारला. राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल आणि मुसोलिनी यांच्या सुट्टीसाठी! खालची मोझेक फरशीसुद्धा इथली नाही. ग्रीक पुराणातल्या मेड्युसाच्या चेहऱ्याची ती प्रसिद्ध फरशी शेजारच्या कोस बेटावरून उचलून आणलेली. दाराजवळच्या फलकावर मुसोलिनीचं नाव अजून आहे. डागडुजी म्हणावी की देखावा? मला देखावाच जास्त वाटतो. पण तो नसता, तर इथे बघायला ढिगारे उरले असते हेही खरं.

जुन्या ज्यू वस्तीत समुद्रघोड्यांचं कारंजं आहे, भोवती टॅव्हर्नांची, म्हणजे ग्रीक खानावळींची टेबलं. जुलै 1944 मध्ये जर्मनांनी बेटावरचे सुमारे 1,700 ज्यू ऑशविट्झच्या मृत्युछावणीत पाठवले. परतले फारच थोडे. काळ्या दगडाचं स्मारक त्याच चौकात आहे, पण मेनूकार्डातून मान वर केली तरच दिसतं.

महायुद्धानंतर बेट ग्रीसकडे आलं आणि 1988 मध्ये जुनं गाव युनेस्कोच्या यादीत गेलं. पर्यटनाचा पाया मात्र इटालियनांचाच: त्यांनी 1927 मध्ये समुद्रकाठी 'ग्रांदे अल्बेर्गो देल्ले रोझे' हे आलिशान हॉटेल उघडलं. 1949 च्या सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांनी तिथेच इस्रायल आणि इजिप्तला वाटाघाटीला बसवलं, 24 फेब्रुवारीला शस्त्रसंधी झाली आणि पुढच्या वर्षी बंच यांना शांततेचं नोबेल मिळालं. त्या इमारतीत आता कॅसिनो चालतो.