लिंकनच्या खारट चिखलातला वाघ

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यातलं लिंकन शहर समुद्रापासून हजाराहून अधिक किलोमीटर आत आहे. तरीही शहराच्या उत्तरेला खारट दलदली आहेत. खालच्या खडकांतलं खारं पाणी पाझरून वर येतं, उन्हाने आटतं आणि चिखलावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरतो. सॉल्ट क्रीक टायगर बीटल हा जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा भुंगेरा जगात फक्त इथेच सापडतो.

टायगर बीटल म्हटलं की वेगाचं कौतुक होतं. भक्ष्यामागे धावताना त्यांच्या डोळ्यांना पुरेसा प्रकाशच टिपता येत नाही. मग थबकायचं, भक्ष्य पुन्हा हेरायचं, पुन्हा धावायचं. गंमतच आहे, पण या जातीचं भवितव्य ठरतं ते बिळात बसून राहणाऱ्या अळीवर.

जून-जुलैचे थोडे आठवडे प्रौढ भुंगेरे दिसतात. बाकी सुमारे दोन वर्षांचं आयुष्य चिखलातल्या उभ्या बिळात जातं. अळी चपट्या डोक्याने बिळाचं तोंड बंद करून बसते आणि एखादा किडा टप्प्यात आला की झडप घालते. तिच्या पाठीवर कुबड असतं, त्यावर हुकासारखे आकडे. ते भिंतीत रुतवले की धडपडणारं भक्ष्य तिला बाहेर ओढू शकत नाही. पण जागा बिघडली तर दूर जाऊन नवी शोधणंही तिला जमत नाही. चिखल ओला हवा, खारट हवा आणि उघडा हवा. गवत माजलं की संपलं.

नेमकं तेच बिघडलं. एकोणिसाव्या शतकात लोक इथे मिठाच्या आशेने आले. तो धंदा काही चालला नाही, शहर मात्र वाढलं. सॉल्ट क्रीक या इथल्या ओढ्याचं पात्र सरळ आणि खोल केल्यावर भूजल खाली गेलं. रस्त्यांवरून वाहून आलेल्या गोड्या पाण्याने आणि गाळाने उरलेल्या जागी गवताला वाव दिला. दिव्यांचाही त्रास आहे: भुंगेरे प्रकाशाकडे ओढले जातात आणि अंडी घालण्याच्या जागेपासून भरकटतात. नव्वद टक्क्यांहून अधिक खारट दलदल नष्ट झाली किंवा बिघडली. 2005 साली हा भुंगेरा संकटग्रस्त जाहीर झाला, तेव्हा प्रौढांची मोजदाद काही शेकड्यांतच होती.

आता लिंकन आणि ओमाहाच्या प्राणिसंग्रहालयांत अळ्या वाढवून दलदलीत सोडतात. माझ्या मते त्याहून मोलाचं काम आहे ते साचलेला गाळ काढून खारं पाणी पुन्हा पृष्ठभागावर आणण्याचं. चिखलच खारट उरला नाही, तर सोडलेल्या अळ्या बीळ खणणार कुठे?