सरकारी कार्यालयातील कामकाजाचे स्वयंचलन

अर्ज स्वीकारणे, छाननी, टिपणी, मंजुरी, आदेश ही मोठ्या सरकारी यंत्रणेत कागदावर आणि हाताने होणारी कामे संगणकाच्या आधारे नव्याने बसवण्याच्या प्रक्रियेला कामकाजाचे स्वयंचलन म्हणतात. जुन्या अर्जाची पीडीएफ संकेतस्थळावर ठेवणे यात मोडत नाही. अर्जदार ती छापून, हाताने भरून, स्कॅन करून पाठवणार आणि कार्यालयातला लिपिक तोच मजकूर पुन्हा टंकणार असेल, तर दोघांचेही काम वाढलेलेच असते.

अडचणीचे मूळ बहुधा अर्जाच्या नमुन्यातच असते. जुन्या परिपत्रकामुळे एखादा रकाना येतो. परिपत्रक रद्द झाले तरी रकाना तसाच राहतो, कारण तो काढण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. त्यामुळे संगणकप्रणाली मागवण्याआधी प्रत्येक रकान्याबद्दल विचारावे लागते: ही माहिती कोणत्या नियमाखाली मागितली जाते, तिच्यावरून कोण काय ठरवते, आणि ती दुसऱ्या विभागाकडे आधीच आहे का? हे काम कंटाळवाणे आहे आणि सर्वांत जास्त टाळले जाते. प्रत्यक्षात खरी बचत इथेच होते. अमेरिकेच्या १९८० च्या कागदपत्र-कपात कायद्याने (१९९५ मध्ये सुधारित) दहा किंवा अधिक व्यक्तींकडून ठरावीक नमुन्यात माहिती मागवण्यापूर्वी संघीय खात्यांना मंजुरी घेणे आणि ती भरायला लागणाऱ्या वेळेचा अंदाज देणे बंधनकारक केले. एस्टोनियात २००१ पासून ‘एक्स-रोड’ या व्यवस्थेतून विभाग एकमेकांच्या नोंदी सुरक्षितपणे तपासू शकतात. सगळी माहिती एका कोठारात ओतावी लागत नाही आणि नागरिकाकडे तोच दाखला पुन्हा मागण्याचे कारण उरत नाही.

कामाचा खरा प्रवाह नियमपुस्तिकेत सापडत नाही. अपुऱ्या अर्जाबाबत केलेला फोन, लिपिकाने स्वतःपुरती ठेवलेली वही, एका टेबलावर तयार झालेली एक्सेल यादी यांवरच कित्येक प्रकरणे पुढे सरकतात. आराखडा करणाऱ्याने त्या टेबलाशेजारी बसून हे पाहिले नाही, तर नवी प्रणाली सुरू होताच नेहमीपेक्षा वेगळी प्रकरणे अडकतात.

नियम गुंतागुंतीचे आणि नोंदी विखुरलेल्या असल्या की पैसा व वेळ ओतूनही काम अडते. अमेरिकी संघीय कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाच्या कागदी नस्त्या (फाइली) पेनसिल्व्हेनियातील बॉयर्स येथे चुनखडीच्या जुन्या खाणीत ठेवल्या जातात. त्या कामाच्या संगणकीकरणाचे १९८० च्या दशकापासूनचे अनेक प्रयत्न फसले. जुन्या प्रणालींचा प्रश्नही आहेच: एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारी भत्त्याच्या अर्जांचा लोट आला, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरना कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणाऱ्यांना मदतीचे आवाहन करावे लागले.

मात्र सर्वांत गंभीर धोका पडताळणीच वगळण्याचा आहे. ऑस्ट्रेलियातील ‘रोबोडेट’ योजनेत कर खात्याकडील वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांवर सरासरी काढून भत्तेधारकांवर थकबाकी दाखवली गेली. ज्यांचे काम हंगामी, त्यांचे उत्पन्न दर पंधरवड्याला सारखे नसते. सरासरीत ते सारखे दिसते आणि न घेतलेल्या पैशांची वसुली सुरू होते. पूर्वी भत्तेधारकाने कळवलेले उत्पन्न आणि कर खात्याकडील नोंद यांत तफावत दिसली की कर्मचारी चौकशी करत. नव्या पद्धतीत चूक नसल्याचे सिद्ध करण्याचा भार भत्तेधारकावरच टाकला गेला. २०१९ मध्ये संघीय न्यायालयात सरकारने अशी एक आकारणी बेकायदेशीर असल्याचे मान्य केले, आणि २०२३ मध्ये शाही आयोगाने संपूर्ण योजनेवर कठोर ताशेरे ओढले.

युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या माहिती-संरक्षण नियमावलीच्या कलम २२ नुसार, केवळ यंत्राने दिलेल्या आणि कायदेशीर परिणाम करणाऱ्या निर्णयाच्या अधीन न राहण्याचा हक्क व्यक्तीला आहे. कायद्याने ठरवलेल्या अपवादांत तो मर्यादित होतो. हा हक्क व्यवहारात उतरण्यासाठी फेरतपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला पूर्ण नस्ती दिसली पाहिजे आणि प्रणालीचा निर्णय फिरवण्याचा अधिकारही हवा. ज्यांना ऑनलाइन अर्ज करता येत नाही त्यांच्यासाठी कागदी अर्जाची खिडकी चालू ठेवावी लागते, आणि तिथे आलेल्या अर्जालाही तोच क्रमांक व तीच मुदत द्यावी लागते.