पक्षी व सागरी प्राण्यांचे छायाचित्रण

पक्षी आणि समुद्रातले प्राणी यांची छायाचित्रे मोकळ्या निसर्गात किंवा प्राणिसंग्रहालय, मत्स्यालय अशा बंदिस्त जागी टिपण्याची कला. दोन्हीकडे कॅमेरा तोच. फरक एवढाच की निसर्गात अंतर प्राणी ठरवतो, बंदिस्त जागी ते काच किंवा जाळी ठरवते.

इंग्लंडमध्ये चेरी कर्टन यांनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले, तर फ्रान्सच्या लुई बूतां यांनी १८९३ मध्ये पाण्याखाली कॅमेरा नेला. कर्टन यांचा तो विषय आज मात्र टाळावा असाच मानला जातो. माणसांची ये-जा वाढली की पक्षी अंडी सोडून जाऊ शकतात आणि कावळ्यांना घरट्याचा पत्ता लागतो.

मोकळ्या निसर्गातला जवळचा धडा ठाणे खाडीत मिळतो. ऐरोलीच्या बाजूने होडीतून येथील फ्लेमिंगो अभयारण्य (घोषणा २०१५) पाहता येते. येथे वेळ घड्याळाने नव्हे, भरती-ओहोटीने ठरते. ओहोटीला गाळ उघडा पडतो आणि अग्निपंख, म्हणजेच फ्लेमिंगो, चरत दूरवर पांगतात. भरती चढू लागली की उरलेल्या पट्ट्यावर ते दाटीने गोळा होतात. काळ्या गाळामुळे कॅमेरा दृश्य गरजेपेक्षा उजळ करतो आणि गुलाबी पिसांतले बारकावे पांढरे पडतात, म्हणून एक्सपोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) थोडे कमी ठेवावे लागते. चिखलात बुडवलेल्या चोची एकामागोमाग वर आल्या, माना ताठ झाल्या आणि थवा एका दिशेने चालू लागला, की होडी पुढे नेऊ नये. अग्निपंखाला उडण्याआधी पाण्यावरून धावावे लागते, त्यात त्याची बरीच ताकद जाते. उडत्या थव्याच्या चित्रासाठी त्याला मुद्दाम उठवणे हा अपराधच म्हटला पाहिजे.

पाण्याखाली अडचण रंगांची असते. पाणी तांबडा प्रकाश सर्वांत आधी शोषून घेते, त्यामुळे काही मीटर खाली गेले की लालभडक मासाही करडा दिसतो. फ्लॅशने रंग परततो. मात्र तो लेन्सच्या अगदी शेजारी असला तर पाण्यात तरंगणारे कण उजळून चित्रभर पांढरे ठिपके उठतात. म्हणून दिवे लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना धरतात. मालवणला पावसाळ्यातला गढूळपणा ओसरल्यावरच अशा कामाला अर्थ आहे.

मोकळे आणि बंदिस्त यांच्या मधोमध रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास येते. ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी येथे किनाऱ्यावरच्या कुंपणात जपतात आणि बाहेर आलेली पिल्ले वाळूवर सोडतात. पिल्लू उजेडाच्या रोखाने समुद्र शोधते. फ्लॅश किंवा मोबाईलचा दिवा त्याला उलट्या दिशेला नेऊ शकतो, म्हणून येथे फ्लॅश अजिबात वापरू नये. वाळूवर पोट टेकून, लेन्स पिल्लाच्या उंचीवर आणली की तळहातात मावणाऱ्या त्या जिवापुढची लाट खरोखर किती मोठी आहे ते चित्रात उमटते. फक्त त्याच्या वाटेत आडवे पडू नये, आणि उठताना पायाखाली बघावे.

मत्स्यालयात लेन्सचा रबरी हूड (लेन्सच्या तोंडाभोवतीचे कडे) काचेला टेकवला की मागच्या माणसांची प्रतिबिंबे जातात. जाड काचेतून तिरके पाहिले तर चित्रातल्या कडा अस्पष्ट होतात, म्हणून लेन्स काचेशी काटकोनात ठेवतात. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. तेथेही काचेचेच काम आहे. काळी पाठ आणि पांढरे पोट एकाच चौकटीत सांभाळताना पांढऱ्याकडे लक्ष ठेवावे. मूळचा पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा हा पक्षी भायखळ्यात टिपला असेल, तर चित्राखाली भायखळाच लिहावे. खोट्या जागेचे चित्र पुढे कुणाच्या तरी अभ्यासात खरे म्हणून वापरले जाते.